सहा आठवड्यांचा ऑनलाइन ॲक्सिलरेटर, नोकरी सांभाळून, आणि सोसायटीच्या टँकरचा हिशोब

चौथी_सीट | मंगळवार, रात्री ११.१०

लोकहो, इथे मागे दोनतीन जणांनी विचारलं होतं की ते सहा आठवड्यांचे ऑनलाइन ॲक्सिलरेटर प्रोग्राम (नवी कल्पना झटपट उभी करून घेणारे) असतात ना, नोकरी करता करता संध्याकाळी आणि वीकेंडला काहीतरी बनवा टाइप, त्यांचा खरंच काही उपयोग होतो का. माझा नुकताच संपलाय म्हणून लिहितेय. नाव देत नाही, बरं-वाईट दोन्ही लिहायचंय आणि उगाच नावावरून धागा भरकटेल.

आधी प्रोजेक्ट. ऑफिस ऐरोलीला, टेस्टिंगमध्ये आहे, घर घोडबंदर रोडला. (आयडीचं रहस्य: ठाण्याहून ऐरोली म्हणजे मध्ये एक दिघा गाव, चौथी सीट मिळते न मिळते तोवर उतरायचं.) प्रोजेक्टमध्ये ग्लॅमर शून्य, सोसायटीत येणाऱ्या पाण्याच्या टँकरचा हिशोब. घोडबंदरवाल्यांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते. पालिकेचं पाणी पुरत नाही, टँकर येतात, कधी दुपारी कधी रात्री दोनला, वॉचमन पावतीवर सही करतो आणि पावती केबिनमधल्या तारेला टोचून ठेवतो, महिनाअखेरीला सप्लायरचं बिल आलं की खजिनदार त्या पावत्या सोडवून मोजत बसतो. बिलात टँकर जास्त, तारेला पावत्या कमी. आता पावती हरवली, की टँकर आलाच नाही, की आला पण पाऊणच भरलेला होता, हे कोणी छातीठोक सांगू शकत नाही आणि उद्याचा टँकर आपल्यालाच हवा असतो, त्यामुळे थोडी तणतण होऊन चेक निघतो.

प्रोग्रामचं स्वरूप साधं. पहिल्या आठवड्यात काय बनवणार ते एका वाक्यात लिहायचं, मग दर रविवारी रात्री एक अपडेट आणि त्यात एक आकडा, तो आकडा शेवटपर्यंत बदलायचा नाही. जगभरातल्या अनोळखी लोकांचा छोटा ग्रुप करून देतात. शेवटी डेमो. हिस्सेदारी मागत नाहीत, पैसेही देत नाहीत, शेवटी काही जणांना थोडी ग्रँट मिळते, मला नाही मिळाली. लेक्चरचे व्हिडिओ यूट्यूबवर मिळतात त्याच दर्जाचे, दुसऱ्या आठवड्यानंतर मी पाहिलेच नाहीत.

उपयोग झाला तो त्या आकड्याचा. मी लिहिलं होतं "किती सोसायट्यांनी साइनअप केलं". ग्रुपमध्ये लागोसचा एक मुलगा होता, तो इमारतींच्या जनरेटरला लागणाऱ्या डिझेलचा हिशोब बनवत होता. बाकीच्यांना पाणी ट्रकमधून घरी येतं हेच समजावायला मला आठवडा गेला, त्याला एका वाक्यात कळलं. तो म्हणाला साइनअप सोड, तू फोन न करता वॉचमनने स्वतःहून नोंदवलेले टँकर किती, तो आकडा धर. संपूर्ण प्रोग्राममधलं सगळ्यात कामाचं वाक्य हे आणि ते मेंटॉरचं नव्हतं.

जमलं नाही ते वेळेचं. त्यांचं घड्याळ आठवड्याचं आणि सोसायटीचं महिन्याचं. कमिटीची मीटिंग महिन्यातून एकदा, त्यात आधी लिफ्टचं एएमसी (वर्षभराच्या देखभालीचा करार), मग पार्किंगची भांडणं, मग कोणाच्या तरी बाल्कनीतलं गळणारं पाणी, आणि माझा विषय आला की "पुढच्या वेळी घेऊ". प्रोग्रामवाले सांगतात की रोज पाच कस्टमरशी बोला आणि रविवारपर्यंत नकार तरी मिळवा. सोसायटीत नकार मिळवायलाही मीटिंग लागते हो.

विचारा काय विचारायचं ते.

बिनसाखरेचा | मंगळवार, रात्री ११.३२

प्रामाणिक लिहिलंय म्हणून प्रामाणिक प्रश्न. एक गुगल शीट आणि एका मित्राला दर रविवारी फोन, यात सगळं आलं की. ॲक्सिलरेटर नेमका कुठे आहे यात? मला हे प्रोग्राम म्हणजे चालवणाऱ्यांनी स्वतःचे फॉलोअर वाढवायचा धंदा वाटतो.

घणसोलीकर | बुधवार, सकाळी ८.०५

बिनसाखरेचा, अर्धं अनुमोदन. मूळ मॉडेल वाय कॉम्बिनेटरचं (नव्या कंपन्यांत पैसे घालणारी अमेरिकन संस्था), २००५ पासूनचं, तीनेक महिन्यांची बॅच आणि शेवटी डेमो डे. तिथे खरे पैसे असतात, सध्या ५ लाख डॉलर, त्यातले सव्वा लाख ७ टक्क्यांना आणि उरलेले पावणेचार लाख सेफ नावाच्या करारावर, म्हणजे किती टक्के ते पुढच्या गुंतवणुकीच्या राउंडला ठरतं. त्यांनीच २०१७ ला स्टार्टअप स्कूल नावाने फुकट ऑनलाइन प्रकार काढला. मग बिल्डस्पेसवाल्यांनी सहा आठवड्यांचं नाइट्स अँड वीकेंड्स चालवलं, ते २०२४ च्या ऑगस्टमध्ये बंद झालं. आताचे बरेचसे त्याच साच्यातले.

जॉइन करणाऱ्याने एवढंच बघावं की ते हिस्सा मागतात का. पैसे न देता हिस्सा मागत असतील तर लांबूनच नमस्कार. फी मागत असतील तर ती कशाची ते विचारा. बाकी फुकट असेल तर जातंय काय, झोप.

झोपेवरून आठवलं, कॅलिफोर्निया उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे, हिवाळ्यात साडेतेरा. त्यांचं संध्याकाळी पाचचं लाइव्ह सेशन म्हणजे उन्हाळ्यात आपली पहाट साडेपाच. मी स्टार्टअप स्कूलचे कॉल दात घासत केलेत.

चौथी_सीट | बुधवार, सकाळी ९.२०

@बिनसाखरेचा, मित्राला फोन करून होत नाही कारण मित्र म्हणतो "अगं होईल गं, चिल". अनोळखी माणूस विचारतो की मागच्या रविवारी चार होते या रविवारीही चारच, का? आणि तिथे ऑफिसचं रिलीज होतं, सासूबाई आजारी होत्या वगैरे लिहायला लाज वाटते, कारण त्यालाही नोकरी आणि घर आहेच. फॉलोअर वाढवायचा धंदा म्हणालात ते अगदीच खोटं नाही. रोज सोशल मीडियावर "आज काय बनवलं" टाका म्हणून मागे लागायचे, मी टाकलं नाही. माझा गिऱ्हाईक म्हणजे बासष्ट वर्षांचे खजिनदार काका, ते तिथे मला कुठे शोधणार.

आमरस_पुरी | बुधवार, दुपारी १.१५

वाचतेय, छान धागा. एक शंका. ऑफर लेटरमध्ये असतं ना की दुसरं कुठलंही काम करणार नाही. ते कसं सांभाळलं? विप्रोने २०२२ च्या सप्टेंबरमध्ये ३०० लोक काढले होते त्याची अजून धास्ती आहे.

घणसोलीकर | बुधवार, दुपारी १.४०

ते ३०० जण प्रतिस्पर्धी कंपन्यांमध्ये थेट दुसरी नोकरी करत होते असं कंपनीचं म्हणणं होतं. आपलं स्वतःचं काहीतरी बनवणं वेगळं, पण करारात "कुठलाही व्यवसाय" असं मोघम लिहिलेलं असेल तर वेगळं म्हणून वाद घालत बसायला लागतं. दुसरं म्हणजे कोड कोणाचा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम १७ आहे, नोकरीच्या कामाचा भाग म्हणून केलेलं काम, वेगळा करार नसेल तर, मालकाचं. त्यामुळे ऑफिसचा लॅपटॉप, ऑफिसचा वेळ, ऑफिसचं क्लाउड अकाउंट, ऑफिसच्या धंद्याशी संबंधित विषय, यातलं एकही नको.

चौथी_सीट | बुधवार, दुपारी २.०५

मी एचआरला सरळ मेल टाकला, असं असं बनवतेय, कंपनीच्या क्षेत्राशी संबंध नाही, कमाई झाली तर कळवेन. आठ ओळींचं कोरडं उत्तर आलं की हितसंबंध आड येत नसतील तर हरकत नाही. तो मेल पीडीएफ करून ठेवलाय. लॅपटॉप भावाचा जुना.

जुना_नौपाडा | बुधवार, सायं. ६.५०

बाईसाहेब, मी आमच्या सोसायटीत बरीच वर्षे खजिनदार होतो (आता मुलाकडे मानपाड्याला असतो, तिथेही गळ्यात तेच पडले आहे). तुमची कल्पना चांगली आहे पण आपण मोजता आहात ते टँकर. आम्हाला हवे आहे ते पाणी. ड्रायव्हर एकाच खेपेला दोन पावत्यांवर सही घेतो, "साहब बादमें फिर आऊंगा" म्हणतो, वॉचमन झोपेत असतो. तुमच्या ॲपमध्येही तो दोनदा बटण दाबेल. त्याचे काय?

चौथी_सीट | बुधवार, रात्री १०.२५

काका, नेमकं तिथेच बोट ठेवलंत. दोन पावत्यांचं आधी सांगते. वॉचमनने टँकरच्या मागच्या बाजूचा फोटो काढायचा, वेळ आपोआप पडते, आणि नंबरचे शेवटचे चार आकडे टाकायचे. त्याच नंबरचा टँकर पाऊण तासाच्या आत परत आला तर ओळ पिवळी होते, कारण भरून परत यायला तेवढ्यात जमत नाही. दुसरा फोटो नसेल तर दुसरी नोंदच होत नाही.

मेंटॉरचा आग्रह होता की नंबर प्लेट एआयने वाचा, डेमोला उठून दिसेल. मी नाही घातलं. आमच्या गेटवर रात्री दोन वाजता उभं राहून बघा एकदा. टँकर रिव्हर्स घेत आत येतो, मागचे लाल दिवे, गेटचा पांढरा हॅलोजन, पाण्याचे ओघळ, प्लेटवर चिखल, निम्म्या टँकरच्या मागच्या प्लेटचा एक कोपरा वाकलेला आणि नंबर हाताने रंगवलेला. माणसाला वाचता येतं, कारण तोच टँकर त्याने शंभरदा पाहिलेला असतो. वॉचमनला चार आकडे दाबायला जेमतेम पाच सेकंद लागतात. तिथे एआय कशाला घुसवायचं.

पाणी किती ते मात्र अजून सुटलेलं नाही. इनलेटला मीटर बसवून पाहिला एका सोसायटीने, पण टँकरचा पाइप नुसत्या उताराने येतो, पाइप पूर्ण भरून वाहत नाही, हवा जाते आणि काटा काहीही दाखवतो.

जुना_नौपाडा | गुरुवार, सकाळी ७.१०

मीटर विसरा. खालच्या टाकीत पट्टी लावा. आमच्या टाकीची लांबी पाच मीटर, रुंदी चार मीटर, म्हणजे तळ वीस चौरस मीटर. दहा हजार लिटर म्हणजे दहा घनमीटर. भागाकार करा, पाणी अर्धा मीटर चढले पाहिजे. पन्नास सेंटिमीटर. टँकर आला की चढणे चाळीसच असेल तर दोन हजार लिटर कुठे गेले ते ड्रायव्हरला विचारायचे. अट एकच, टँकर रिकामा होईपर्यंत वरच्या टाकीचा पंप बंद ठेवायचा आणि त्या वेळी पालिकेचे पाणी सुरू नसावे, नाहीतर हिशोब चुकतो. मी प्लंबरकडून टाकीच्या आतल्या भिंतीवर ऑइलपेंटने खुणा मारून घेतल्या होत्या, दर पाच सेंटिमीटरला एक. झाकण उघडून टॉर्च मारला की दिसते.

घणसोलीकर | गुरुवार, सकाळी ७.४८

काका _/\_

यावर कुठल्या मेंटॉरने काय बोलायचं.

चौथी_सीट | गुरुवार, सकाळी ८.१५

काका हे मला महिन्याभरापूर्वी भेटायला हवं होतं! म्हणजे आधीचा एक फोटो आणि नंतरचा एक, आणि प्रत्येक सोसायटीच्या टाकीची लांबी-रुंदी एकदाच भरून ठेवायची. लिटर आपोआप निघतील. पंप बंद आहे का याची खूण वॉचमनला विचारायची. आणि टाकीला आत खांब असतील तर त्यांची जागा वजा करायला लागेल ना? आमच्या टाकीत आहेत.

जुना_नौपाडा | गुरुवार, सकाळी ८.३०

करायला लागेल. किंवा सोपा मार्ग, एक टँकर डोळ्यासमोर काठोकाठ भरलेला घ्या, किती चढते ते बघा, तेच त्या टाकीचे माप. झाकण मात्र वॉचमनला एकट्याने रात्री उघडू देऊ नका, जाळी बसवून घ्या आधी.

सेक्टर_पंधरा | गुरुवार, दुपारी १२.१०

मी डिप्लोमा लास्ट इयर, कोपरखैरणे. ॲप प्ले स्टोअरवर टाकलंय का? आम्ही पण असाच एक प्रोग्राम जॉइन करतोय, सहा आठवड्यात स्टोअरवर येईल ना?

चौथी_सीट | गुरुवार, दुपारी १.३०

टाकलं नाही आणि तुम्हीही पहिल्या आठवड्यात टाकायच्या मागे लागू नका. २५ डॉलर एकदाच भरायचे ते ठीक, पण नवीन वैयक्तिक अकाउंट असेल तर गुगल आधी १२ टेस्टर सलग १४ दिवस मागतं, मगच सगळ्यांसाठी खुलं करायचा अर्ज. सहातले दोन आठवडे तिथेच गेले. माझी नुसती वेब लिंक आहे, क्यूआर कोड लॅमिनेट करून केबिनमध्ये चिकटवलाय, स्कॅन केला की थेट फोटोचं पान उघडतं.

लॉगिनही नाही. ओटीपी एसएमएसने पाठवायचा तर डीएलटी रजिस्ट्रेशन (धंद्याचे एसएमएस पाठवणाऱ्यांची नोंदणी) आलं, संस्था नोंदवा, हेडर म्हणजे पाठवणाऱ्याचं नाव नोंदवा, प्रत्येक मेसेजचा मजकूर मंजूर करून घ्या. वॉचमन बदलले की नवीन नंबर, नवीन ओटीपी, कोण करणार. एका गेटचा एक कोड, बस. लिंक कोणी बाहेर पाठवली तर? फोटो गेटचाच आहे की नाही ते खजिनदाराला दिसतंच.

बिनसाखरेचा | गुरुवार, सायं. ७.२०

पट्टीवाला भाग वाचून टीका मागे घेतो, निदान या प्रोजेक्टपुरती. :) आता पैशाचं बोला. कोणी दिले का?

चौथी_सीट | गुरुवार, रात्री १०.५०

दिले. पण डेमो झाल्यावर. डेमोला स्लाइडवर कमाई शून्य होती, त्यानंतरच्या आठवड्यात पहिला चेक आला. कमिटीने मंजूर केलेलं आधीच होतं, पण चेकवर दोन सह्या लागतात आणि सेक्रेटरी गावाला गेले होते.

बिलाचं म्हणाल तर खजिनदार आधी म्हणाले जीएसटी नंबर कुठाय. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणी सक्तीची नाही हे त्यांच्या अकाउंटंटनेच त्यांना सांगितलं. मी उद्यम नोंदणी (लघुउद्योगांसाठीची सरकारी) केली, ती फुकट आहे, सरकारी साइटवरच करा, पैसे घेणाऱ्या हुबेहूब साइट भरपूर आहेत. साधं बिल, पॅन टाकलं, झालं.

दोन सोसायट्या म्हणाल्या की वर्षभराचा खर्च म्हणजे सर्वसाधारण सभेत ठेवू. ती ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते, तोवर थांबायचं. प्रोग्रामच्या भाषेत ही माणसं "गमावलेले कस्टमर" होती. तसं काही नाहीये, ते सप्टेंबरचे कस्टमर आहेत.

आणि एक गंमत झालीय, यावर तुमचं मत हवंय. एका सप्लायरचा फोन आला. मला वाटलं आता शिव्या खाणार. तो म्हणाला, मॅडम मलाही दाखवा ना ते. त्याच्या म्हणण्याप्रमाणे ड्रायव्हर वाटेत बांधकामाच्या साइटवर थोडं पाणी ओतून रोख घेतो आणि बदनामी मालकाची होते. तो सोसायटीच्या तिप्पट पैसे द्यायला तयार आहे, त्याच्या सगळ्या गाड्यांसाठी.

घणसोलीकर | गुरुवार, रात्री ११.०५

घे! एक सप्लायर म्हणजे पंचवीस-तीस सोसायट्या एका फटक्यात. सेल्सचा सगळा प्रश्न मिटला. कमिटी मीटिंगच्या वाऱ्या नकोत.

जुना_नौपाडा | शुक्रवार, सकाळी ६.४०

घेऊ नका. उद्या वाद झाला की आम्ही म्हणू हिशोब ठेवणारी बाई सप्लायरच्या पगारावर आहे. मग तुमच्या फोटोला आणि आमच्या तारेवरच्या पावतीला किंमत सारखीच. त्याला बघू द्या, त्यात त्याचाही फायदा आहे आणि आमचाही. पैसे सोसायटीकडून घ्या, कमी मिळाले तरी.

आमरस_पुरी | शुक्रवार, सकाळी ९.१०

काकांना +१. पण घणसोलीकरांचंही चुकत नाहीये, किती महिने ही मुलगी एकेका सोसायटीच्या मीटिंगला जाऊन बसणार? नोकरी आहे तिला.

चौथी_सीट | शुक्रवार, रात्री ९.४५

दिवसभर डोक्यात हेच होतं. काकांचं ऐकतेय. सप्लायरला फक्त बघता येईल, त्याच्याच गाड्यांचं, बदल काही करता येणार नाही, आणि ते फुकट. त्याला सांगितलं की तुमच्या सोसायट्यांना तुम्हीच सुचवा, हिशोब साफ असेल तर तुमचाच फायदा. हो म्हणालाय, करतो की नाही बघू.

पट्टीचा पर्याय आजच टाकला. काका, तुमच्या मानपाड्याच्या सोसायटीत पहिला प्रयोग करू का? टाकीचं माप तुम्हीच घेतलेलं आहे म्हणजे चूक निघाली तर माझीच.

जुना_नौपाडा | शुक्रवार, रात्री १०.०५

रविवारी सकाळी अकराला कमिटी आहे. टँकरचा विषय पहिला घ्यायला सांगतो, लिफ्टच्या आधी. लॅपटॉप आणू नका, अध्यक्षांना दिसत नाही. मागच्या महिन्याचा नमुना मोठ्या अक्षरात प्रिंट काढून पाच प्रती आणा.

खारघरची_पोर | शुक्रवार, रात्री ११.२०

उशिरा आले धाग्यावर. आमच्याकडे छोटी बिल्डिंग आहे, टँकरवाला पावती-बिवती काही देत नाही, रोख घेतो आणि जातो. तिथे चालेल का हे?

चौथी_सीट | शुक्रवार, रात्री ११.३१

चालेल, रोख दिले असा रकाना आहे, कोणी दिले तेही पडतं. टाकीची लांबी-रुंदी मोजून ठेव, व्यनि (खाजगी मेसेज) करते.